आमची घरं राडारोडा नव्हती

"अहो, आपलं घर दाखवा की."

साहेबांनी लेझर पॉइंटर माझ्याकडे फेकला. तो माझ्या छातीवर आपटून खाली पडला. मी वाकून उचलला.

समोर भिंतीवर पडदा होता. पडद्यावर हडपसरच्या पुढचा कालवा, ड्रोननं वरून काढलेला. कालव्याच्या कडेनं पत्रे. गंजलेले, ताडपत्री टाकलेले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगड आणि जुने टायर ठेवलेले. त्यातला एक पत्रा आमचा.

मी लाल ठिपका त्याच्यावर नेला. 

"हे? हे घर?" साहेब खुर्चीत मागं रेलले. "मला वाटलं कोणी ट्रॉली ओतून गेलंय."

सगळे हसले नाहीत. दोघं-तिघं हसले, बाकीचे मोबाईलमध्ये बघत राहिले. मला न हसणारे जास्त लागले.

खात्याचं नाव मी लिहीत नाही. पुण्यातलं एक सरकारी ऑफिस, एवढं पुरे. मी तिथं शिकाऊ उमेदवार होतो. आमची पदवीच तशी होती. आठवड्यातले काही दिवस ऑफिसात काम, उरलेले दिवस कॉलेजात. विषय डेटा सायन्स. पदवी हातात पडली की त्याच खात्यात जागा मिळायची शक्यता. माझा बाप मार्केट यार्डात हमाली करायचा. डेटा सायन्स म्हणजे काय हे त्याला कधी कळलं नाही. सरकारी म्हणजे काय ते कळत होतं. माझं आयकार्ड आलं त्या दिवशी त्यानं ते बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवलं आणि शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं.

काम मला आवडायचं. शहरात जुन्या इमारती पडतात, नव्या उठतात. पाडलेल्या भिंतींचा राडारोडा लोक गुपचूप कालव्याकाठी, टेकडीखाली ओतून जातात. ड्रोनच्या फोटोंमधून कॉम्प्युटरनं असे ढीग शोधायचे आणि खात्यानं मशीन पाठवून उचलायचे. त्यासाठी कॉम्प्युटरला आधी शिकवावं लागतं. हा रस्ता, ही इमारत, ही झोपडी, हा राडारोडा, असं हजारो फोटोंवर आम्ही बसून लिहायचो. मी आणि ओंकार. ओंकार माझ्याच वर्गातला, शनिवार पेठेतला. डबा वाटून खायचा. वाईट मुलगा नव्हता.

कॉम्प्युटर झोपड्या आणि ढीग यांच्यात गोंधळायचा. त्या दिवशीची मिटिंग त्यासाठीच होती. वर अहवाल जायचा होता आणि साहेबांना अचूकतेचा आकडा चांगला हवा होता. मी म्हणालो, अजून फोटो लागतील, प्रत्यक्ष जाऊन बघावं लागेल, पत्र्यावर दगड असले म्हणजे तो ढीग नसतो. साहेबांनी विचारलं, आपल्याला एवढं कसं माहीत? मी म्हणालो, मी तिथंच राहतो.

म्हणून तो पॉइंटर.

साहेब सगळ्या पोरांना तू म्हणायचे. ओंकारला 'अरे ओम्या'. मला एकट्याला अहो आणि आपण. बाहेरच्या कोणाला वाटेल मान देतायत. तो मान नव्हता. लांब उभं करायची काठी होती.

"म्हणजे कॉम्प्युटर चुकत नाहीये," साहेब म्हणाले. "मलाही फरक दिसत नाही. झोपडी हा प्रकारच काढून टाका. सगळं राडारोड्यात घाला. आकडा सुधारेल."

मी उभा होतो. "सर, तिथं माणसं राहतात."

"माणसं वरून दिसत नाहीत."

मला त्यांचं डोकं धरून त्या पडद्यावर आपटावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू. मी मात्र पॉइंटर टेबलावर ठेवला आणि म्हणालो, हे मी करणार नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ओम्या, तू कर रे."

ओंकारनं केलं. बोटं चालत होती, मान खाली होती.

दुसऱ्या दिवसापासून माझा कॉम्प्युटर दुसऱ्याला दिला. मी खुर्च्या लावायच्या. पाण्याच्या बाटल्या आणायच्या. एकदा मिटिंगच्या टेबलावर चहा सांडला. शिपाई फडकं आणायला निघाला तर साहेबांनी त्याला थांबवलं. "हे आहेत ना. यांच्या घरात सवय असेल." मी टेबल पुसलं.  आई घरी विचारायची, आज काय शिकलास. मी म्हणायचो, बरंच.

मशीन आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. शेजारच्या संगीताकाकूंच्या मुलीचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती किंचाळत होती. मागं लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. मी वर्गातून उठलो आणि मित्राची गाडी घेऊन निघालो.

घर पाडायचं तर नोटीस द्यावी लागते. राडारोडा उचलायला लागत नाही. हे मला माहीत होतं, पण मशीनचा पंजा आमच्या ओळीवर पडताना बघितला तेव्हा खरं कळलं. पत्रा कागदासारखा चुरगळला. आतली मांडणी, भांडी, गादी, पोरांची दप्तरं, सगळं एका घासात वर गेलं आणि ट्रकमध्ये पडलं. विहाराच्या खोलीची भिंत पडली. बुद्धाची मूर्ती विटांमध्ये आडवी झाली. बायका मशीनवर दगड मारत होत्या. ठेकेदाराची माणसं, काळे टी-शर्ट घातलेली, त्यांना केसाला धरून ओढत होती.

माझा बाप आमच्या दारात उभा होता. दोन्ही हात चौकटीला लावून. जन्मभर पोती उचललेला माणूस, त्याला वाटलं भिंतही पेलेल.

मशीनवाल्याला तो दिसला नसेल, असं नंतर सांगितलं गेलं. भिंत आत पडली. बाप खाली गेला. मी विटा उपसायला लागलो तर काळ्या टी-शर्टवाल्यानं दांडकं माझ्या पाठीत घातलं. एकदा, परत एकदा. मी वळून त्याच्या तोंडावर डोकं मारलं. त्याचं नाक फुटलं, रक्त माझ्या कपाळावर आलं. आणखी दोघं आले. मी खाली पडलो. एकानं बूट उगारला, आणि त्याला माझ्या गळ्यातलं खात्याचं आयकार्ड दिसलं.

तो थांबला. मला हाताला धरून उठवलं. माझा शर्ट झटकला. "सॉरी सर. डिपार्टमेंटचे आहात होय? मग जरा समजवा ना या लोकांना."

सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती.

संगीताकाकू पुढं आल्या. लहानपणी त्यांच्या घरी जेवून मी वाढलोय. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. दातात ओठ सापडून फाटला. "तुझ्याच हापिसातून आलंय हे," त्या म्हणाल्या. "आमाला कचरा केलंस व्हय रं."

दांडकी लागली होती, बूट लागले होते. त्या थपडेपुढं ते काहीच नव्हतं.  बोलायला वेळ नव्हता. बाप विटांखाली होता. ज्या हातानं मारलं त्याच हातानं काकू माझ्याबरोबर विटा उपसायला लागल्या.

बापाच्या मांडीचं हाड बाहेर आलं होतं.

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यानं एकच विचारलं. "तुज्या सायबाला म्हाईत हुतं का, हितं आपण ऱ्हातो?"

"होतं. मी स्वतः दाखवलं होतं."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं.  मग म्हणाला, "मग त्यानं मारलंय. मशीननं न्हाई."

इथून पुढं त्या माणसाला मी साहेब म्हणणार नाही.

बातमी पेपरात आली. चौकशी लागली. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, स्वतःच्या हातानं पाणी दिलं आणि पहिल्यांदा मला तू म्हणाला. "हे बघ, तू मला मुलासारखा. वाईट झालं. पण ही कॉम्प्युटरची चूक आहे. टेक्नॉलॉजी नवी आहे, होतं असं. तू वस्तीतला आहेस, तू बोललास की विषय संपेल. पदवी झाली की तुझी जागा पक्की. मी बघतो." मग पाण्याचा ग्लास माझ्यासमोर सरकवत म्हणाला, "नाहीतर मग पदवीचंच अवघड आहे."

मी पाणी प्यायलो नाही.

चौकशीला मुंबईहून एक वरिष्ठ बाई आल्या होत्या. तोच हॉल. त्यांनी मला विचारलं, नेमकी चूक काय झाली. तो माझ्याकडे बघून बारीक हसला, धीर दिल्यासारखा.

मी उभा राहिलो.  

"मॅडम, कॉम्प्युटर चुकत होता तेव्हा आम्ही तसं सांगितलं होतं. मग त्याला हे शिकवलं गेलं. झोपडी हा प्रकार यांनी काढायला लावला. मी म्हणालो, तिथं माणसं राहतात. हे म्हणाले, माणसं वरून दिसत नाहीत. त्याआधी यांनी मला माझं घर दाखवायला लावलं होतं. ते घर आता नाही. माझा बाप दवाखान्यात आहे."

बाईंनी ओंकारला विचारलं. ओंकार उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मला नीट आठवत नाही," तो म्हणाला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तो अधिकारी माझी वाट बघत होता. माझ्या आयकार्डाची दोरी मुठीत धरून त्यानं पिळली. माझं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. श्वास कोंडला. सगळं शिक्षण, सगळा पेठी गोडवा, अहो-आपण, एका झटक्यात गळून पडलं. "भिकारड्या, फुकटात आत आलास. तुमची जात इथं बसवली हीच चूक." त्यानं माझ्या तोंडात मारली. काकूंनी फाडलेला ओठ पुन्हा फुटला.

मी त्याचं मनगट धरलं. पिळलं. तो ओरडला, तरी सोडलं नाही. तो गुडघ्यांवर आला. त्याचा चेहरा माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होता. एक लाथ पुरली असती. मला मारायची होती. आजही मला वाटतं, मारली असती तर ती वाया गेली नसती. पण हॉलच्या दारात सगळं ऑफिस उभं होतं, आणि त्यांना तेच हवं होतं. मी गुंड ठरलो असतो, तो बिचारा.

"परत अंगाला हात लावायचा नाही," मी म्हणालो. एवढंच. आणि सोडलं.

तरी गुंड मीच ठरलो. शिकाऊ उमेदवारी थांबवली. कॉलेज म्हणालं, ऑफिसचे तास नाहीत तर पदवी नाही. वस्तीतल्या लोकांनी खडकीचा एक वकील गाठला. कोर्टाच्या पहिल्या तारखेला संगीताकाकू माझ्या शेजारी बसल्या. त्या थपडेबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. मी तिथं सगळं परत सांगितलं, शब्दाला शब्द. ॲट्रॉसिटीची केस अजून चालू आहे. मुंबईच्या बाईंनी त्यांच्या अहवालात माझं म्हणणं जसंच्या तसं घेतलं, आणि बरेच महिने खेटे घातल्यावर मला दुसऱ्या विभागात तास पूर्ण करू दिले. त्या अधिकाऱ्याची नुसती बदली झाली. पगार तोच, गाडी तीच. विटा, पत्रे, दप्तरं कोणी परत दिली नाहीत. आम्हाला शहराबाहेर एका इमारतीत खोली दिली, पाणी टँकरचं. बाप काठी घेऊन चालतो. पोतं उचलणं संपलं.

पदवी मिळाली. जागेसाठी मुलाखत दिली. समोरच्या तिघांपैकी एकानं फाईल चाळत विचारलं, "आपली पूर्वी काही तक्रार होती म्हणे?"

"होती. अजून आहे."

त्यानं फाईल मिटली. जागा मिळाली. का मिळाली, मला माहीत नाही. त्यांच्या उपकारानं मिळाली असं मी मानत नाही.

आता लोक समजावतात. ओंकारही परवा भेटला, चहा पाजून म्हणाला, झालं ते झालं, आत आलायस, आता शांतपणे वर जा. मी त्याचा चहा प्यायलो आणि त्याला सांगितलं, शांतपणे वर जायला तुला जमेल.

मी शांत राहायला आलेलो नाही. ज्या मिटिंगमध्ये कोणाच्या घरावर काट मारली जाईल, तिथं मी उठेन आणि सगळ्यांसमोर नाही म्हणेन. बदली केली तर जिथं टाकतील तिथं नाही म्हणेन. काढलं तर कोर्टात जाईन, परत येईन, आणि त्याच टेबलाशी बसून पुन्हा नाही म्हणेन. माझ्यावर परत हात उचलला, तर या वेळी मी मनगट सोडणार नाही.