साडूची पहिली चाल

तापीच्या अल्याड-पल्याड मिळून आमच्या साडूइतका पहिल्या चालीला जपणारा माणूस दुसरा नाही, आणि पुढच्या सगळ्या चाली इतक्या मातीत घालणाराही दुसरा नाही. मी चौथी शिकलेला, जन्म केळीत गेलेला माणूस, मला सजवून सांगता येत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो शिंदखेड्याला, मी यावलला. मनाने सोनं आहे, पण कुठल्याही गोष्टीची सुरुवात करायची म्हटली की त्याला घाम फुटतो. लग्नात मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, अक्षता पडून गेल्या, आणि हा हार हातात धरून उभाच. हार उजव्या बाजूने घालावा की डाव्या, यावर त्याचा विचार चालला होता. शेवटी माझ्या मेहुणीनेच त्याच्या हातातला हार ओढून आपल्या गळ्यात घातला. पंगतीत बसला की पहिला घास भज्याचा घ्यावा की कुरडईचा, हे ठरेपर्यंत शेजारचे हात धुऊन येतात. शिंदखेड्याच्या स्टँडवर तो तीन-तीन गाड्या सोडतो, कारण पहिली जी जागा धरायची ती उन्हाच्या बाजूला येईल की सावलीच्या, याचा त्याचा हिशेब लागलेला नसतो. विचारलं तर एकच सांगतो, ‘‘भाऊ, बठ्ठा खेळ पहिल्या चालवर शे.’’

आणि खेळ म्हणजे सोंगट्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकीबाळी झोके घेतात, बाप्ये पत्ते कुटतात. आमच्या घरी मात्र पट मांडला जायचा. बायकोने तो माहेरून आणला होता, तिनेच शिवलेला, लाल कापडावर काळ्या घरांचा. तिला झोक्याचं कौतुक नव्हतं. म्हणायची, झोका जेवढा पुढे जातो तेवढाच मागे येतो, त्यात काय खेळायचं? दर आखाजीला साडू यायचा, आणि त्या दोघांचा डाव बसायचा. तो तिला अक्का म्हणायचा. मी पाणी आणून देणारा. मला खेळ येतो तो एवढाच की कवड्या टाकायच्या आणि जेवढं दान पडेल तेवढी घरं सोंगटी चालवायची. पण सुरुवातीलाच मोठं दान पडलं तर दोन वाटा असतात. एक तर एकच सोंगटी उचलून लांब पुढे पळवायची, नाहीतर दोन सोंगट्या बाहेर काढून एका घरात जोडीने बसवायच्या. एकटी पळाली तर वाटेत मार खायची भीती. जोडीने बसली तर मार नाही, पण ती मागे राहते. बस, एवढ्याच गोष्टीवर साडूने तीस वर्षं घालवली.

त्याच्याकडे दोनशे पानी वही आहे. तिच्यात सगळ्या पहिल्या चाली लिहिलेल्या आहेत, दुसरी एकही नाही. एका उन्हाळ्यात त्याने अंगणात चुन्याने मोठा पट आखला आणि सोंगट्यांच्या जागी शेळ्या उभ्या केल्या. एक एकटी पुढे, दोन जोडीने मागे. दुपारभर बाजेवर बसून बघत राहिला. एकटी शेळी शेजाऱ्याच्या मेथीत शिरली आणि पोट भरून आली. जोडीच्या दोघींनी एकमेकींना शिंगं मारून एकीने दुसरीचा कान फाडला. कुणीही शहाणा म्हणाला असता की एकटी बरी. साडूने वहीत लिहिलं की शेळीला सोंगटीची अक्कल नसते. पहिल्या चालीला तो असा तासभर घ्यायचा, कधी चाल ठरवायला बांधापर्यंत फिरून यायचा. आणि एकदा ती चालला की मग, आता राहिलं काय, अशा थाटात पुढचा सगळा डाव डोळे मिटून खेळायचा. तीस वर्षांत माझ्या बायकोकडून एकदाही जिंकला नाही. ती काहीच विचार करायची नाही. दान पडलं की एक सोंगटी उचलायची आणि पुढे पळायचं. मागे काय राहिलं ते बघायची पद्धत नव्हती तिच्यात.

मागच्या आखाजीला साडूने पहिलं दान टाकलं ते दहाचं, आणि बसला विचार करत. आमरस झाला, चहा झाला, ऊन उतरलं, त्याची शेवटची गाडी लागली. निघताना उंबऱ्यात वळून म्हणाला, ‘‘अक्का, पट उचलजो नको. मी इचार करीसन फोन करस.’’ तिने मान डोलावली. मी म्हटलं, दोन दिवसांत करेल. पट मांडला होता माझ्या खाटेवर, म्हणून मी खाली सतरंजीवर झोपलो.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. सकाळी फोन यायचा, एकटी पळव. ती उठून सोंगटी पुढे ठेवायची. तिचा चहा पिऊन व्हायच्या आत दुसरा फोन, थांब, परत ठेव. ती परत ठेवायची. एकदा मांजर पटावरून गेली तर त्याने व्हिडिओ कॉल करून चारही बाजूंनी पट बघितला, आणि मला विचारलं की मांजर कुठल्या घरावर पाय देऊन गेली. त्याला त्यात काही इशारा वाटत होता. पाहुणे आले की विचारायचे, खाटेवर हे काय? ती सांगायची, आमच्या भाऊंचा विचार चाललाय. मी चिडायचो. मला गुडघे आहेत, जमिनीवरून उठताना मला माझीच आई आठवते. पण ती म्हणायची, मांडलेला डाव उचलू नये, समोरचा माणूस अर्ध्यात आहे. दिवाळीपासून ती आजारी पडली. तिची खाट पटाच्या खाटेशेजारी. तरी फोन यायचे, ती उताणी पडल्या पडल्या हूं हूं करायची. मग म्हणायची, करा सावकाश विचार, मी कुठे चालले?

पौषात गेली.

निरोप गेला आणि साडू मोटारसायकलवर आला, चोपड्यावरून, त्या थंडीत. पायात चप्पल नव्हती. ज्या माणसाला पहिला घास ठरवायला अर्धा तास लागतो, त्याने दारात गाडी आडवी टाकली आणि सगळ्यांच्या आधी खांदा दिला. उजवा की डावा, बघितलं नाही. दहा दिवस राहिला. पटाकडे त्याने मान वळवली नाही. मी त्यावर चादर टाकून ठेवली.

मग आखाजी आली. आखाजीला गेलेल्या माणसाची घागर भरतात. या वेळी मी तिची भरली. पाण्याने भरून वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, दोन आंबे ठेवले. साडू आणि मेहुणी आले. साडू जेवायला बसला, पहिला घास हाताला आला तो घेतला. मला ते बघवलं नाही. जेवणं झाल्यावर मी चादर काढली आणि सरळ सांगितलं, बाबा, वर्ष झालं. आज चाल, नाहीतर मी पट उचलतो. मला खाट पाहिजे. खाट पाहिजे हे खरं नव्हतं. मला रोज त्या पटाकडे बघणं होत नव्हतं.

साडू पटासमोर बसला. मेहुणी म्हणाली, आता हे संध्याकाळपर्यंत. पण तो विचार करत नव्हता. खाली बघून म्हणाला, ‘‘चाल तर माले दिवाळीलेच सापडनी व्हती, भाऊ.’’

मी म्हटलं, मग मेल्या, सांगितली का नाहीस? ती रोज तुझ्या चालीची वाट बघायची.

तो सोंगटी बोटाने पुसत बसला. मग म्हणाला, ‘‘तिनं बरं नही, कळी गयं व्हतं. माले वाटनं, मी चालत नही तोवर अक्काले थांबनं पडी.’’

मेहुणीने पदर तोंडाला लावला. मी घागरीतलं पाणी बघायच्या निमित्ताने उठलो. पाणी तेवढंच होतं.

परत आलो तेव्हा तो चाललेला होता. दोन सोंगट्या एका घरात, शेजारी शेजारी. तीस वर्षांच्या विचारानंतर त्याचं जोडीचं ठरलं. मग सातही कवड्या गोळा करून माझ्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाला, ‘‘आते अक्काना डाव शे. तुम्ही टाका.’’

मी म्हटलं, मला येत नाही. तो म्हणाला, तिलाही कुठे येत होतं, ती नुसती पळायची. मी टाकल्या. दहाचं दान पडलं. मी सोंगटीवर हात ठेवला आणि तिथेच राहिलो. तिची चाल सगळ्या घराला ठाऊक आहे. एक उचलायची आणि एकटीने पुढे जायचं. मागे कोण राहिलं ते बघायचं नाही. तिच्या नावाने खेळायचं तर तसंच खेळलं पाहिजे. पण माझ्याने ती सोंगटी पुढे सरकवेना. आणि जोडीने बसवावं, तर ते तिचं खेळणं होत नाही.

ऊन उतरलं. साडूची गाडी लागली. तो पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा राहिला, तर मीच म्हटलं, पट राहू दे, मी विचार करून फोन करतो.

आता सकाळी साडूचा फोन येतो. काय ठरलं, भाऊ? मी सांगतो, थांब जरा, घाई करू नको. तो खुशीने फोन ठेवतो. मी अजून सतरंजीवरच झोपतो.