माशाचं डोकं सरकारजमा

माझे सासरे माझ्याशी बोलायचे नाहीत. अमेरिकेत बेलव्ह्यूला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते, रोज समोरासमोर बसून जेवायचो, पण मीठ हवं असलं तरी माझ्या बायकोला सांगायचे, "त्यांच्याजवळची बरणी दे गं." 'ते' म्हणजे मी. त्यांची मुलगी वेंगुर्ल्याची, माशांवर वाढलेली, आणि मी पुण्याचा, अंड्यालाही हात न लावणारा. लग्न त्यांना पसंत नव्हतं. लग्नाच्या दिवशी सासूबाई एकट्या आल्या आणि हे एसटी डेपोत ड्यूटीवर बसून राहिले. कंट्रोलर होते. त्याला पाच वर्षं झाली होती.

मला याचा राग यायचा. कधीकधी तर असं वाटायचं की ती बरणीच उचलून बाहेर फेकावी. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा जास्त मला हे हवं होतं की या माणसानं एकदा माझ्याकडे बघून बोलावं.

त्यात त्यांचं जेवण आटलं. इथल्या दुकानातला माशाचा गुलाबी फिले, बिनकाट्याचा तुकडा, बघून म्हणाले, "ही काय साबणाची वडी? तोंड बघितल्याशिवाय मासा घेतात होय?" डोक्याचं कालवण म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि इथे डोकंच मिळेना. शेवटी २००५च्या सप्टेंबरात मी एका गाइडची बोट बुक केली. तासाभराच्या ड्राइव्हवर नदी होती आणि तिच्यात कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून वर चढू लागले होते. आम्ही तिघं जाणार होतो. पण आदल्या संध्याकाळी बायकोच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज कोसळलं, आणि राहिलो आम्ही दोघं. बोंबला! तासभर कारमध्ये फक्त रेडिओ बोलला.

गाइड म्हातारा होता आणि मितभाषी होता. म्हणजे माझ्याशी गाठ पडेपर्यंत होता. मला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्याच्याकडून कळलं की सामनच्या पाठीवर, शेपटीजवळ, करंगळीच्या टोकाएवढा एक मांसल पर, म्हणजे फिन, असतो. सरकारी केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर लहानपणीच कापतात. पर नसलेला मासा सापडला तर घरी न्यायचा. पर असलेला म्हणजे नदीत आपोआप जन्मलेला, तो पाण्यातल्या पाण्यात सोडून द्यायचा. लाखो पिल्लांचे पर कापतात म्हणे. कोण कापतं, कसं कापतं, दुखत नाही का, मी विचारत सुटलो. सासरे पाण्याकडे बघत बसले होते, पण कान इकडे होते.

त्यांना पहिला मासा लागला तो पर असलेला. गाइडनं गळ काढून तो सोडून दिला. सासऱ्यांनी त्या गाइडकडे असं बघितलं की मीच त्याला 'सॉरी' म्हणालो. नंतर तीन तास काही नाही. आणि मग दुसरा लागला, हातभर लांब, चांदीसारखा, आणि पाठ साफ! पर नव्हता! म्हातारा गाइडसुद्धा ओरडला. सासऱ्यांनी कल्ले उचलून आतला लाल रंग बघितला, डोकं तळहातावर तोललं आणि हसले. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा हसले.

धक्क्यावर सरकारी जॅकेट घातलेली एक मुलगी उभी होती, पकडलेल्या माशांची नोंद घ्यायला. विमानतळावर अंगावरून फिरवतात तसली एक कांडी तिनं माशाच्या तोंडावरून फिरवली. कांडी वाजली. मुलगी खूश झाली, म्हणाली, "मला याचं डोकं लागेल," आणि सुरी काढली.

एवढं इंग्रजी सासऱ्यांना कळत होतं. "गो बाय, डोक्याक हात लावू नको!" ते कडाडले, आणि गर्रकन माझ्याकडे वळले. "अहो, बघत काय बसलात? सांगा तिला!"

पाच वर्षांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी तिला सांगितलं, डोकं आम्हालाच हवंय. तिनंही न चिडता समजावलं. पिल्लू बोटाएवढं असताना त्याच्या नाकाडात एक बारीक तार टोचतात, केसाइतकी बारीक, मिलिमीटरभर लांब. तारेवर नंबर असतो. पिल्लं कुठून सोडली, कोणत्या वर्षी, ते त्यावरून कळतं. पण तार काढायला नाकाड डोळ्यांच्या मागून कापून न्यावं लागतं.

मी मराठीत सांगत गेलो. सासरे ऐकत होते. माशाकडे बघत होते. "म्हणजे सुटल्याची नोंद यांच्याकडे आहे," ते हळूच म्हणाले, "आणि पोचल्याची नाही." जन्मभर गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस तो. "पोचल्याची नोंद झालीच पाहिजे. घे म्हणावं."

तिनं डोकं कापून पिशवीत घातलं, वर चिठ्ठी लावली. सासरे उरलेला मासा धरून तसेच उभे राहिले. चेहरा इतका उतरला होता की मला ते बघवेना.

बाजूला मासे साफ करायचं टेबल होतं. तिथे लोक कांडी न वाजलेली डोकी छाटून खुशाल बादलीत टाकत होते. मी गेलो. मी, ज्यानं जन्मात बोंबलाचा वाससुद्धा सहन केला नाही तो, अनोळखी लोकांकडे हात पसरून डोकी मागत होतो. एकानं विचारलं, "खेकड्यांना आमिष म्हणून?"

"नाही. माझ्या सासऱ्यांना," मी म्हणालो.

तो हसून हसून खोकला, पण दोन दिली. बादलीतून आणखी तीन मी काढली, कल्ल्यांत बोटं घालून, सासऱ्यांनी घातली होती तशी. हात बरबटले. पिशवी सासऱ्यांपुढे धरली तर त्यांनी आत बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं. त्यांनी बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं.

परतताना कारमध्ये असा वास की चारही काचा उघड्या. रेडिओ लावायला हात पुढे केला, तेवढ्यात ते म्हणाले, "लग्नाला यायला हवं होतं मी."

समोर ट्रॅफिक, रडायची सोय नाही.

"जेवण काही खास नव्हतं, बाबा," मी म्हणालो.

"नसणारच," ते म्हणाले. "शाकाहारी होतं ना."