तेल निवेपर्यंत

देवरूखच्या बाजूला, कातळाच्या उघड्या सड्याखालच्या खोलगट वाडीत भागोजीचा जन्म गेला. त्यातली तीस वर्षं ट्रकच्या गिअरवर. साठी जवळ आली तेव्हा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने वाडीतल्या आजारी माणसांसाठी एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी जीप पाठवली आणि किल्ली त्याच्याकडे आली. जीप ऑटोमॅटिक. पहिले आठ दिवस त्याचा डावा पाय क्लच शोधत राहिला.

रत्नागिरीच्या फिटरने त्याला एकच गोष्ट शिकवली. घाटीत हळू चढताना या गाडीच्या गिअरचं तेल तापतं. फार तापलं की गिअर पकडत नाही. इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी थांबायचं, पण इंजिन बंद करायचं नाही. ते चालू असलं तरच तेल पुढच्या जाळीमागच्या छोट्या कूलरमधून फिरतं आणि निवतं. म्हणून जाळीला वारा लागला पाहिजे. जाळीत अडकलेलं गवत, मेलेले किडे भागोजी रोज सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढी.

गणपतीला मंडळाचे अध्यक्ष दाजी आले ते पाटी घेऊनच. पत्र्याची, चांगली हातभर रुंद. वर मंडळाचं नाव, खाली देणगीदारांची. ती त्यांनी नेमकी जाळीवरच चार बोल्टांनी आवळून घेतली. भागोजीने वाऱ्याचं सांगून पाहिलं.

"गाडी काय गुदमरतेय होय?" दाजी म्हणाले. "नावं पुढंच असतात, भागोजी. मागं लिहितात ते हॉर्न ओके प्लीज."

सगळे हसले. भागोजीही हसला.

दुसऱ्यांदा तो बोलला नाही. गाडी मंडळाची, आपण नुसते चालवणारे. दसऱ्याआधी एकदा चढावर गिअरचं तेल तापल्याचा तांबडा दिवा क्षणभर लुकलुकला, तेही त्याने कोणाला सांगितलं नाही. बोल्ट सोडवायचा पाना सीटखालीच होता.

ऑक्टोबरातल्या भर दुपारी भात कापताना गोदाला घोणस चावली. गोदा म्हणजे त्याची थोरली भावजय. बायको गेल्यापासून भागोजीचं ताट तिच्याच घरी असे. गोदाची सून शमिका तिला घेऊन मागच्या सीटवर बसली आणि गाडी घाटीला लागली. पावसाने रस्ता पार उखडलेला. चाकं दगडांवर फिरत राहिली आणि तिसऱ्या वळणावर तांबडा दिवा लागला, तो लागलाच. करपल्याचा वास सुटला. इंजिन ओरडायला लागलं, गाडी हलेना.

त्याने चाकांना दगड लावले आणि पाना काढला. गंजायला लागलेले चार बोल्ट सुटायला पाच-सहा मिनिटं लागली. पाटी त्याने खाली कारवीच्या झुडपांत भिरकावली. पण तेल तापायचं ते तापलंच होतं.

"काका, बंद करा ना ती," शमिका रडवेली होऊन म्हणाली. "जळतेय सगळी."

"बंद केली तर तेल फिरायचा नाय. थांब जरा."

फोनला रेंज मिळेना म्हणून ती वर सड्याकडे धावली. परत आली ती देवरूखहून दुसरी गाडी यायला दीड तास लागेल हे घेऊन. तोवर गोदाचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. हिरड्यांतून येणारं रक्त ती पदराने टिपत होती. भागोजी दिव्याकडे बघत बसला. पन्नास मिनिटं.

दिवा विझल्यावर गाडी कशीबशी चढली. इंजेक्शनं मिळाली, गोदा वाचली. मूत्रपिंडं मात्र गेली. तासभर आधी आला असतात तर, असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत. भागोजीनेही विचारलं नाही. मंडळाच्या ग्रुपवर दाजींचा मेसेज आला, की पाटी सापडल्यास मागच्या बाजूला लावावी.

आता दर मंगळवारी आणि शनिवारी तो गोदाला डायलिसिससाठी चिपळूणला नेतो. जाळी उघडी आहे, तेल नवीन आहे, दिवा लागत नाही. तरी तिसऱ्या वळणावर तो गाडी उभी करतो. इंजिन चालूच असतं.

"भावजी, निवला नाय काय अजून?" मागून गोदा विचारते.

"नाय, वयनी," तो म्हणतो, आणि विझलेल्या दिव्याकडे बघत राहतो.