वाऱ्यानं नेलेला तंबू

माझ्या मित्राला लहानपणापासून दमा. धुळीत जाऊ नको, धुरात बसू नको, असं ऐकत तो अकोल्यातच मोठा झाला, माझ्याबरोबर एका शाळेत मास्तर झाला, पण बुलढाण्याच्या पलीकडे कधी गेला नाही. पन्नास-साठ सालांच्या मधली ही गोष्ट. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं लष्कराच्या मोडीतली एक मोटरसायकल आणि कॅनव्हासचा तंबू आणला आणि मला म्हणाला, "समुद्रापर्यंत जाऊ बाप्पा. खारी हवा छातीला चांगली असते म्हणतात. तू मागे बस."

मी बसलो. औरंगाबाद, नगर, पुणे असं करत आलो. रात्री कुठं आमराईत, कुठं एखाद्या देवळाशेजारी तंबू ठोकायचा. त्याला एकदाही धाप लागली नाही. रोज सकाळी उठला की तो मोठ्ठा श्वास घेऊन मला ऐकवायचा आणि हसायचा.

पौड सोडून आम्ही मुळशीच्या धरणाशी आलो तेव्हा दुपार कलली होती. मे संपत आला होता. पाणी आत सरलेलं, काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा. पुढं ताम्हिणीचा कच्चा घाट उजेडात उतरायचा म्हणून तिथंच थांबायचं ठरलं. वारा होताच. खुंट्या गाळात धरेनात, तेव्हा आम्ही तंबूच्या कडांवर दगड रचले. त्याची औषधाची पिशवी मी मधल्या काठीला बांधून ठेवली, हाताशी राहावी म्हणून. स्टो मात्र काही केल्या पेटेना.

सूर्य डोंगराला टेकला आणि वाऱ्यानं जोर धरला. पश्चिमेच्या उतारावर कुणीतरी सकाळी राब भाजला होता. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर पाला-गवत, शेण पसरून जाळतात, तो. विझत आलेला तो राब वाऱ्यानं पुन्हा फुलला आणि धूर, राख, सगळं सरळ आमच्या अंगावर आलं.

त्याला खोकला सुटला. मी पिशवी काढायला तंबूकडे वळतोय तोच वारा आत शिरला, दगड गडगडले आणि तंबू काठीसकट उचलला गेला. दोरी माझ्या हातात आली ती तळवा सोलून निघून गेली. तंबू पाण्यात पडला, थोडा वेळ फुगून तरंगत राहिला आणि आत आत जाऊ लागला. मी धावलो. छातीइतक्या पाण्यापर्यंत गेलो. मला पोहता येत नव्हतं. मागून त्याच्या छातीचा शिट्टीसारखा आवाज ऐकू आला, तसा परतलो.

तो गुडघ्यांवर हात टेकून, वाकून बसला होता. ओठ काळे पडलेले. शेजारी मोटरसायकल उभी, आणि मला ती चालवता येत नव्हती. तरी मी किक मारत राहिलो. ती चालू झाली असती तर पुढं काय करणार होतो, देव जाणे.

"आडवं नको करू मला," तो एवढंच बोलला. मग बोलणंही थांबलं.

मी वर चार घरं दिसत होती तिकडं ओरडत पळालो. दोन भाऊ बाहेर आले, त्यांच्यामागं त्यांची म्हातारी आई. मी काय सांगत होतो ते मलाच कळत नव्हतं.

"पावनं, हितं डाक्तर न्हाई," थोरला म्हणाला. "पौडला हाय. कोळशाचा ट्रक जाईल आता, त्यो गाठू."

दोघांनी हातांची बैठक केली आणि त्याला बसवून रस्त्यावर आणलं. म्हातारी पदरानं त्याचं तोंड झाकत बरोबर चालत होती. "ह्यो वारा मिरगापातूर असाच," ती म्हणाली. "लई वंगाळ."

ट्रक आला. वर कोळशाची पोती, केबिनमध्येसुद्धा काळी धूळ. त्या धुळीतच त्याला चढवलं. दुसरं वाहनच नव्हतं. मी माझा ओला सदरा त्याच्या नाकातोंडावर धरला आणि पौड येईपर्यंत तसाच धरून ठेवला. वाटेत एकदा त्याची मान माझ्या खांद्यावर कलंडली. मी त्याला हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, शिव्या दिल्या. ड्रायव्हर समोर बघत गाडी दामटत होता.

डॉक्टर जेवायला बसत होते. ते तसेच उठले. इंजेक्शन दिल्यावर बऱ्याच वेळानं त्याच्या छातीतली शिट्टी बारीक झाली. डोळे उघडून त्यानं मला पाहिलं आणि विचारलं, "तंबू?"

"गेला," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

तीन दिवस आम्ही पौडला राहिलो. घाट उतरण्याचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही. मोटरसायकल त्या भावांच्या गोठ्यात ठेवून आम्ही पुण्याहून रेल्वेनं निघालो. डब्यात तो खिडकीला टेकून झोपला. मी नाही झोपलो. मनमाड मागं पडलं तरी मी त्याच्या छातीकडेच बघत होतो. वर येतेय, खाली जातेय.