दोऱ्याला खळ

आमच्या घराण्यात परवा-परवापर्यंत कुणी मासा पकडलेला नव्हता. दोऱ्याचा अनुभव मात्र चार पिढ्यांचा आहे, आणि घात तिथंच झाला.

पणजोबा हातमागावर लुगडी विणायचे, आजोबा चादरी. वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी, चाळीस वर्षं पॉवरलूमवर टॉवेल काढले. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्याच कारखान्यात सुपरवायझर आहे (म्हणजे बाकीचे विणतात आणि मी त्यांच्याकडे बघतो). अशा माणसानं मेहुण्याच्या वाटेला जाऊ नये. पण आमचा मेहुणा श्रीनिवास पुण्यात राहतो, दर रविवारी धरणावर जाऊन मासे पकडतो आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतो. ते फोटो बघून त्याची बहीण, म्हणजे आमची पद्मा, माझ्याकडे बघत नुसतं "हं" म्हणते. असे किती "हं" सहन करायचे माणसानं? एके दिवशी मी ग्रुपवर लिहून टाकलं, "येत्या रविवारी सोलापूरला या. जेवायला मी पकडलेला मासा असेल!"

"मी बाजारातनं मासे आणणार न्हाई," पद्मानं तिथल्या तिथं जाहीर केलं. "मसाला तेवढा वाटून ठेवते. मासा न्हाई आला, तर माझ्या भावाला नुसता मसाला वाढते. आणि का वाढला, ते बी सांगते!"

शुक्रवारी ऑनलाइन मागवलेलं सामान आलं. एक काठी, एक चकचकीत रीळ आणि शंभर मीटर विणीचा दोरा. विणीचा! आठ पदर एकमेकांत विणलेले, हिरवागार, केसाएवढा बारीक. तो बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. शनिवारी दुपारी मी दोऱ्याचं टोक रिळाच्या चकरीला बांधायला घेतलं, तेवढ्यात नाना मागे येऊन उभे राहिले.

"काय करलालास बे?"

"दोरा भरतोय नाना, रिळावर."

"खळ दिलास?"

विणकाम न केलेल्यांसाठी सांगतो. मागावर चढवायच्या आधी सुताला तांदळाची खळ देतात, म्हणजे ते पिंजत नाही. सुती धाग्याला ठीक आहे. पण हा दोरा प्लास्टिकच्या जातीचा, तो पाण्यात टाकायचा, आणि खळ पाण्यात विरघळते. हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं ते एवढंच, की नानांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

"बिनखळीचं सूत चढवतेत व्हय रे?" नाना कडाडले. "पद्मा, भात टाक! पेज काढ!"

पद्मानं कपाळाला हात लावला, पण पेज काढली. आता खळ दिलेला दोरा ताणून वाळवावा लागतो, आणि शंभर मीटर दोरा मावेल एवढं आमचं घर नाही. मग आमच्या खिडकीच्या गजापासून समोरच्या मारुतीच्या देवळाच्या जाळीपर्यंत आम्ही दोऱ्याच्या आठ-दहा फेऱ्या मारल्या. नाना कुंच्यानं खळ लावत पुढे, मी फडकं घेऊन मागे. गल्लीतले यच्चयावत निवृत्त विणकर बाहेर आले. एक म्हणाला खळ पातळ झाली, दुसरा म्हणाला घट्ट झाली. दोऱ्याचं काय करणार आहात, हे एकानंही विचारलं नाही!

एवढ्यात शेजारचे महिबूबभाई रिक्षा घेऊन गल्लीत शिरले. हिरवा बारीक दोरा त्यांना दिसणार कसा? रिक्षाचे दोन्ही आरसे त्यात अडकले. साधं सूत असतं तर तुटलं असतं. हा पठ्ठ्या आरसे उपटायला निघाला.

"या अल्ला! गल्ली में क्या बांधके रखे जी?"

"मासे पकडायचेत, भाई!" मी ओरडलो.

महिबूबभाईंनी गल्लीतल्या कोरड्या फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हौ हौ," ते लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाले आणि रिक्षा मागे घेतली. दोरा सोडवायला आम्हाला तास लागला. मग वाळलेला दोरा नानांनी टॉवेलात दाबून धरला आणि मी हँडल फिरवलं. रीळ असं घट्ट भरलं की बोट दाबलं तरी रुतेना.

"ह्याला म्हणतेत कांडी!" नाना म्हणाले (मागावर घट्ट भरलेल्या सुताच्या नळीला कांडी म्हणतात). माझी छाती फुगली.

रविवारी सकाळी मी, नाना आणि श्रीनिवास हिप्परगा तलावावर गेलो. मी कणकेचा गोळा गळाला लावून दोरा फेकला. दोरा तारेसारखा ताठ पडला आणि हळूहळू खळ सोडू लागला. पाणी पांढरट झालं. चिटुकले मासे दोऱ्याभोवती पंगतीला बसावेत तसे जमले आणि खळ खाऊ लागले. गळाकडे एकही फिरकेना!

"दाजी," श्रीनिवासनं विचारलं, "दोऱ्याला काय लावलंय?"

"ते आमचं घरचं आहे," मी म्हणालो.

तासाभरानं खळ संपली, पंगत उठली आणि काठीला असा हिसका बसला की मी घोटाभर पाण्यात गेलो. मोठा मासा! पद्माचा वाटलेला मसाला डोळ्यांसमोर आला. मी जीव खाऊन हँडल फिरवू लागलो. हँडल फिरतंय, चकरी फिरतेय, आणि वरचा दोरा जागच्या जागी!

"दाजी, चकरीवर आधी साधा नायलॉन गुंडाळला होता ना? दोन-चार वेढे?" श्रीनिवास ओरडला. "विणीचा दोरा नुसत्या चकरीवर घसरतो! रिळाबरोबर येतो त्या कागदावर चित्र असतंय की!"

कागद होता. शनिवारी मी त्याच्यावर खळीचा चमचा ठेवला होता.

"सरक बे!" नाना म्हणाले. त्यांनी धोतर खोचलं, हाताला टॉवेल गुंडाळला, पाण्यात जाऊन दोरा थेट मुठीत धरला आणि उलट्या पावलांनी काठाकडे चालू लागले. ना काठी, ना रीळ. पाचव्या मिनिटाला दोन किलोचा राहू गवतावर उड्या मारत होता. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. जेवण वाचलं होतं, लाज वाचली होती!

श्रीनिवासनं फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर पद्माचं आलं (सासऱ्यांना, म्हणजे नानांना, ती मामा म्हणते), "मामांनी पकडला ते कळलं. पण मागं हे काय करलालेत?"

मी फोटो मोठा करून बघितला. पुढे नाना, त्यांच्या हातात मासा. आणि मागे घोटाभर पाण्यात, सगळी ताकद लावून, मी अजून हँडल फिरवत होतो.