मागच्या दोन कोरड्या

धावड्याजवळच्या आमच्या वाडीत खंडोबाच्या जत्रेला बारागाड्या ओढत. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक दोरानं बांधायच्या, त्यांवर माणसं बसवायची आणि कमरेला दोर बांधून एकट्या भगतानं त्या देवळापासून वेशीपर्यंत न्यायच्या. तो मान माझ्या चुलत सासऱ्यांचा, कारभारींचा. गाव त्यांच्यावर भंडारा उधळी. त्यांचे धाकटे भाऊ रखमाजी, म्हणजे माझे सासरे, यांच्या वाट्याला फक्त वंगण. मला याचा राग यायचा आणि तो मी झाकून ठेवत नसे.

कारण खरं काम सासऱ्यांचं. आठ दिवस आधी ते एकेक चाक काढून आखाला एरंडेल आणि जळक्या चिंध्यांची राख चोळत. गाड्यांमधले दोर मुद्दाम ढिले ठेवत, म्हणजे पहिली ढळली की तिचा हिसका दुसरीला, दुसरीचा तिसरीला. "उभं चाक हट्टी असतंय," म्हणायचे, "एकदा फिरलं की मंग लेकरूबी नेईल." पण मागच्या दोन गाड्यांना ते थेंबभर वंगण लावत नसत. वेशीकडे उतार होता. त्या दोन कोरड्या गाड्या कुरकुरत मागं ओढायच्या, म्हणून पुढच्या दहा भगताच्या टाचेवर येत नसत. देवाच्या कामातली ही युक्ती त्यांनी कारभारींनाही सांगितली नव्हती.

रझाकारांच्या धामधुमीआधी पाच वर्षं, त्या पावसाळ्यात कारभारी तापानं दोन महिने अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा भरली घागर उचलवेना. पण गाड्या हलल्या नाहीत तर देव कोपला म्हणायचं आणि मान दुसऱ्या घरात जायचा, ही गावची रीत.

"दादाची लाज जाईल," सासरे म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी बाराच्या बारा गाड्यांना वंगण भरलं. मडकं मीच धरलं होतं.

"मामा, उताराचं काय?"

"जल्दी कर," एवढंच बोलले.

जत्रेदिवशी गाड्या एका हिसक्यात निघाल्या. गाव येळकोट करत नाचलं. उतार लागला तसा दोर सैल पडला आणि गाड्याच कारभारींना हाकू लागल्या. ते पळाले, अडखळले, पडले. कुणी चाकाखाली दगड टाकला. चाक त्यावरून उडून पुढं गेलं. तेव्हा सासऱ्यांनी शेवटच्या गाडीच्या आऱ्यांत पहार खुपसली. चाक फिरायचं थांबलं आणि जमीन नांगरत घसटत गेलं. ते बघून माणसांनी आणखी चाकांत लाकडं घातली. गाड्या थांबल्या तेव्हा पहिलीचं जू कारभारींपासून हातभर होतं. सासऱ्यांचा हात पहार आणि गाडीच्या मध्ये चेपला होता.

लोक म्हणाले, खंडोबानं राखलं. जालन्याच्या दवाखान्यात सासऱ्यांची तीन बोटं काढली. मी खूप रडले. घरी आल्यावर त्यांनी भावाला सगळं सांगून टाकलं, मागच्या दोन गाड्यांसकट. कारभारी उठून गेले आणि महिनाभर बोलले नाहीत.

पुढच्या जत्रेला भंडाऱ्याचं ताट समोर आलं, दोर हातात आला, पण कारभारी तो कमरेला बांधेनात. सगळ्या गावासमोर त्यांनी मागं वळून मोठ्यानं विचारलं, "रखमा, मागच्या दोन कोरड्या ठेवल्यास का?"

शेवटच्या गाडीजवळून सासऱ्यांनी तो दोन बोटांचा हात वर केला.

कारभारी ताट घेऊन बारा गाड्या ओलांडत मागं आले. पहिली मूठ त्यांनी त्या हातावर टाकली आणि मग जाऊन दोर बांधला.