सरकीच्या उशा

वनमाला ढोले पुसदला घरातच पार्लर चालवते. सत्तेचाळीसची झाली. उठली की आधी आरसा, मग चहा. झोपेत डाव्या गालावर पडणारी उशीची रेघ पूर्वी दात घासेपर्यंत जायची. आता बारा वाजले तरी हटत नाही, आणि पहिलं गिऱ्हाईक दहाला येतं.

उताणं झोपा, सुरकुत्या पडणार नाहीत, असं बायकांना सांगणारी ती. तिलाच ते जमेना. शेवटी म्हशीसाठी आणलेली सरकी तिनं दोन खोळींत भरली आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावली. मान वळली की सरकी गालाला टोचणार, जाग येणार.

"काहून वं, म्हशीचं खाणं उशाले घेऊन राह्यली?" सासूनं विचारलं. वनमालानं दिवा मालवला.

आठव्या दिवशी आरशात गाल कोरा दिसला. रेघ गेली होती! तिनं हौसेनं टिकली लावली आणि दार उघडलं.

नेहमीची प्रेरणा भुवया करायला आली होती. वनमालाचे जागरणानं खोल गेलेले डोळे पाहून ती उंबऱ्याबाहेरच थबकली. आवाज उतरवून म्हणाली, "ताई, मले मालूमच नव्हतं. घरातलं कोण गेलं?"